उजव्या भिंतीवरची टिकली

शुभंकर रिसबूड यांना चूक कबूल करण्यात कधीच कमीपणा वाटत नसे. ती दुसऱ्याची असावी, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

ते राहायला कोथरूडला आणि नोकरीला हडपसरला होते. म्हणजे आयुष्याचा बराच भाग त्यांनी दुचाकीवर बसून इतरांच्या चुका बघण्यात घालवला होता. हडपसरला औद्योगिक वसाहतीत हिंमतरावांचा कारखाना होता. आजोबांनी ज्या रानात ऊस लावला तिथेच हिंमतरावांनी शेड घातली, आणि ‘उसापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सला पाणी कमी लागतं’ हे त्यांचं उद्योगधंद्याविषयीचं एकमेव जाहीर मत होतं. बाकीची मतं बाळगायला त्यांनी रिसबूडांना ठेवलं होतं. पदाचं नाव ‘टेस्टिंग प्रमुख’.

कारखान्यात एक छोटी टोपी तयार होई. दुचाकीच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर ती बसवायची. हवा कमी झाली की ती मोबाइलवर कळवते. पुण्यात हे काम आजवर सिग्नलला शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस करत असे, तेही अपमान करून. आता यंत्र करणार होतं, अपमानाशिवाय. त्यामुळे पुण्यात ते कितपत खपेल याची रिसबूडांना शंका होती, पण तो विक्रीवाल्यांचा प्रश्न.

टोपीच्या पोटात शर्टाच्या बटणाएवढा एक बोर्ड असे. त्या बोर्डात प्रोग्रॅम भरायचा आणि तो नीट चालतो का ते तपासायचं, तर त्याला कुठून तरी जोडलं पाहिजे. पण वायर जोडायचं सॉकेटच बोर्डापेक्षा मोठं. म्हणून बोर्डाच्या खालच्या अंगाला सहा सोनेरी ठिपके ठेवलेले असत, राईएवढे. त्यासाठी जिग होतं. जिग म्हणजे तळहातावर मावणारा एक ठोकळा. मधोमध बोर्ड बसेल अशी खोबण, आणि खोबणीच्या तळातून डोकं वर काढून बसलेल्या सहा बारीक, स्प्रिंगच्या पिना. बोर्ड खोबणीत ठेवायचा, झाकण दाबायचं, सहा पिना सहा ठिपक्यांना टेकायच्या. चार सेकंदांत प्रोग्रॅम आत. हिरवा दिवा लागला तर पास, लाल लागला तर नापास. दिवसाला हजार बोर्ड.

हे झाकण दाबायचं काम शालू करत असे. पस्तिशीची, लोणी काळभोरहून बसने येणारी, तीन वर्षं कंत्राटावर. कारखान्यात आठ बायका होत्या; त्यातल्या दोघींना या वर्षी कायम करायचं ठरलं होतं, आणि त्या दोघींत शालूचं नाव आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शालूला धरून.

फेब्रुवारीत बोर्डाची नवी आवृत्ती आली, आणि पहिल्याच आठवड्यात शालू रिसबूडांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“साहेब, तिसरी पिन लाजती.”

“काय करते?”

“लाजती. बोर्ड आला की खाली बघून बसती. टेकतच नाय नीट. मग लाल लागतो.”

रिसबूडांनी चष्मा काढला. असलं काही कानावर पडलं की ते चष्मा काढत. दाद द्यायला डोळे मोकळे लागतात.

“मग तिला विचारा ना, मुलगा पसंत आहे का म्हणून.”

शालू थोडी हसली, थोडी थांबली, आणि परत गेली. दुपारी हा किस्सा कँटीनमध्ये झाला. संध्याकाळी कोथरूडला कट्ट्यावर झाला. तिथे रिसबूडांनी त्याला ‘कोण म्हणतं मराठी मरते आहे’ अशी प्रस्तावनाही जोडली. रविवारी तो सासुरवाडीत झाला. तिसऱ्या पिनेविषयी त्या आठवड्यात पुण्यातल्या किमान चाळीस लोकांना माहिती मिळाली. पिन मात्र कुणी बघितली नाही.

पुढच्या आठवड्यात लाल दिवे आपोआप थांबले. ‘हात बसला तिचा,’ असं रिसबूडांनी हिंमतरावांना सांगितलं. पाच महिने हजारात दोन-तीनच बोर्ड नापास होत होते. हा आकडा रिसबूडांनी एका सादरीकरणात मोठ्या अक्षरांत घातला आणि खाली बारीक अक्षरांत ‘जिगची अचूक रचना’ असं कारण दिलं.

जुलैत गिऱ्हाईक कंपनीच्या पूर्णिमा मॅडम पाहणीला यायच्या होत्या. आदल्या दिवशी रिसबूड भिंग आणि चिमटा घेऊन प्रत्येक टेबलावर फिरले. शालूच्या जिगवर भिंग धरलं, तर खोबणीच्या आत, उजव्या भिंतीला एक टिकली चिकटवलेली. मरून रंगाची, अगदी लहान, मसुराच्या डाळीएवढी.

रिसबूडांनी पुन्हा चष्मा काढला.

“शालूताई, दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहता, आम्ही काही बोललो? नाही बोललो. पण हे रोजचं?” त्यांनी चिमट्याने टिकली सोलून वर धरली, आठही जणींना दिसेल अशी. “जिगचं लग्न कधी झालं? आम्हाला पत्रिकासुद्धा नाही!”

बायका हसल्या.

शालू म्हणाली, “साहेब, ती काढू नका. ती काढली की—”

“की काय? मशीन विधवा होईल?”

हसणं मध्येच कुठेतरी थांबलं. विनोदाच्या दर्जाच्या मानाने प्रतिसाद कमी पडला, याची रिसबूडांनी नोंद घेतली. शालूने मान खाली घालून टेबल पुसायला घेतलं. ते आधीच पुसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा मॅडम बरोबर त्याच टेबलापाशी उभ्या राहिल्या. शालूने दहा बोर्ड लावले. चार लाल लागले. हिंमतरावांनी खिशातून रुमाल काढला.

“हे असं का होतंय?” मॅडमनी विचारलं. आवाज शांत होता. परीक्षकांचा असतो तसा.

रिसबूड एक क्षणही घुटमळले नाहीत. “ऑपरेटर,” ते म्हणाले.

ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी तक्रार असावी. एका शब्दाची.

मॅडम एक फॉर्म देऊन गेल्या. दोष काय, कारण काय, जबाबदार कोण, खाली विभागप्रमुखाची आणि ऑपरेटरची सही. शनिवारपर्यंत पाठवायचा. शालूला त्याच दुपारी पॅकिंगला पाठवलं. तिथे टोप्या खोक्यात भरायच्या आणि खोक्याला टेप लावायची. तिच्या जागी रतन नावाची दुसरी बाई बसली. कायम करायच्या यादीबद्दल हिंमतराव एवढंच म्हणाले, “फॉर्मात काय येतंय ते बघू. फॉर्मात जे येईल तेच यादीत जाईल.”

गुरुवारपर्यंत रतनच्याही पाचात एक बोर्ड लाल लागत होता. ‘नवीन हात आहे,’ रिसबूड म्हणाले. पण पाच महिन्यांपूर्वी शालूचाही हात नवीन आवृत्तीला नवीनच होता, आणि तो एका आठवड्यात बसला होता. ही गोष्ट त्यांना खुपत राहिली. चहाच्या सुट्टीत ते नापास झालेले दहा बोर्ड आणि मेमध्ये पास झालेले दहा जुने बोर्ड घेऊन भिंगाखाली बसले.

पिन ठिपक्याला टेकली की तिथे सुईच्या टोकासारखी एक खूण उरते. जुन्या बोर्डांवर सहाही खुणा ठिपक्यांच्या ऐन मधोमध होत्या. नव्यांवर पाच खुणा कडेला सरकलेल्या, आणि सहावी, म्हणजे तिसऱ्या ठिपक्याची, ठिपक्यावर नव्हतीच. ती शेजारच्या हिरव्या रंगावर ओरखडा काढून गेली होती. तिसरा ठिपका सगळ्यांत लहान होता. बाकीच्या पाचांनी सांभाळून घेतलं, त्याला जमलं नाही. पिन त्याच्या कडेवरून घसरत होती आणि आत दबून बसत होती.

त्यांनी संगणकावर दोन्ही आवृत्त्यांची ड्रॉइंग एकावर एक ठेवली. नव्या आवृत्तीत अँटेनाला जागा हवी म्हणून सहाही ठिपके पाव मिलिमीटर उजवीकडे सरकवले होते. सरकवणाऱ्याचं नाव खाली कोपऱ्यात होतं: शु. रिसबूड.

त्यांनी जिग बनवणाऱ्या पोपटला फोन लावला. पोपटचं वर्कशॉप नऱ्ह्याला होतं.

“पोपट, जिग कुठल्या ड्रॉइंगवर केलंस रे?”

“तुम्ही दिलेल्या.”

“नव्या की जुन्या?”

“जुन्या. नवीन पाठवतो म्हणला होता तुम्ही. मी म्हणलं, पाठवतील. सहा महिने झाले, मी अजून म्हणतोयच.”

“एकदा विचारायचं नाही का?”

“सर, मागं एकदा विचारलं होतं, तर तुम्ही म्हणला, ‘इंजिनियर मी आहे की तू?’ तेव्हापासून बंद केलं.” पोपटचा आवाज अगदी प्रेमळ होता. “नवीन करून देतो की. आठ दिवस लागतील.”

रिसबूडांनी फोन ठेवला आणि आजूबाजूला बघितलं. चोरी करताना माणूस आजूबाजूला बघतो. चोर आपणच आहोत हे कळल्यावरही तसाच बघतो. कुणी बघत नव्हतं. खोबणीत बोर्डाला किंचित ढिलाई होती. उजव्या भिंतीला पाव मिलिमीटर जाडीचं काही चिकटवलं, तर बोर्ड डावीकडे सरकून बसतो, आणि सहाही पिना मधोमध टेकतात. पाच महिने तसं काहीतरी तिथे होतं. ते त्यांनी चिमट्याने सोलून, आठ जणींना दाखवून, केराच्या बादलीत टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांची बायको तनुजा आरशासमोर आली, तेव्हा रिसबूड आरशाला चिकटवलेल्या टिकल्यांची जाडी व्हर्नियरने मोजत होते.

“काय चाललंय?”

“काही नाही. तुझ्याकडे पाव मिलिमीटरची आहे का?”

“आम्ही रंगावर घेतो, मिलिमीटरवर नाही.” तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. “कुणाला हवीय?”

“ऑफिसला.”

“ऑफिसला टिकली.” तनुजाने हे वाक्य फक्त परत म्हटलं. एवढ्यानेच ते फार वाईट ऐकू आलं. “घेऊन जा. पाकीटच घेऊन जा. आणि संध्याकाळी सांग कशी दिसली.”

खरं तर सरळ मार्ग समोर होता. फॉर्ममध्ये खरं काय ते लिहायचं. पण रिसबूडांनी वेगळा विचार केला: आधी जिग गुपचूप दुरुस्त करू; लाल दिवे थांबले की सगळ्यांचा राग ओसरेल; मग फॉर्ममध्ये काहीतरी मोघम लिहू, शालूलाही परत आणू, कुणाचंच नाव नको. थोडक्यात, सगळ्यांचं भलं करायचं, फक्त कुणाला न सांगता.

जेवणाच्या सुट्टीत टेबलं रिकामी झाल्यावर ते जिगपाशी बसले. तनुजाच्या टिकल्या मखमली होत्या. पहिली लावली तर बोर्ड आत जाईना. जोर दिला, तर बोर्डाचा कोपराच टिचला. प्लॅस्टिकची पातळ टिकली लावून बघितली. दहा-बारा बोर्ड हिरवे लागले, आणि मग टिकली घसरून पिनांवरच जाऊन बसली. त्यांनी ती काढली, दुसरी लावली. तीही घसरली. बोटांना डिंक, नखांत मखमल. समोर रंगीत टिकल्यांचं पाकीट उघडं पडलेलं, आणि मागे कुणीतरी उभं.

रतन होती. हातात डबा.

“कसली टिकली पायजे सर?”

“मी... एक प्रयोग करत होतो.”

रतनने पाकिटाकडे बघितलं, टिचलेल्या बोर्डाकडे बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही.

“शालूताईला विचारा की. तिचीच आयडिया होती ती.”

“हो, हो. विचारणारच होतो.” मग उगाच, हलकं वाटावं म्हणून ते म्हणाले, “फार मनाला लावून घेतलं का तिने? गंमत केली होती मी.”

रतनने डबा टेबलावर ठेवला.

“सर, तिचे मालक जाऊन चार वर्षं झाली.”

“शालूताईंचे?” रिसबूडांनी विचारलं.

“तुम्हाला म्हाईत नव्हतं?” रतनला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “आमाला वाटलं, म्हाईत असूनच बोलला.”

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. तीच पंचाईत होती. तीन वर्षं या खोलीतल्या आठ बायका त्यांच्याविषयी काय समजून चालल्या होत्या, ते तिने फक्त सांगितलं होतं. साहेब असे आहेत. साहेबांना माहीत असतं आणि तरी ते बोलतात. आणि आपण हसायचं असतं.

पॅकिंगचा विभाग मागच्या बाजूला, गोदामात होता. शालू खोक्याला टेप लावत होती. टेप खेचली की कर्रकन मोठा आवाज होई, त्यामुळे रिसबूडांना प्रत्येक वाक्य दोन आवाजांच्या मध्ये बसवावं लागलं.

“शालूताई, ती टिकली... ती किती जाडीची होती?”

“जाडी म्हाईत नाय.” कर्र.

“मी वेगवेगळ्या लावून पाहिल्या. घसरतात.”

“नवी लावली की घसरणारच. नवी फुगीर असती. दिवसभर कपाळाला बसली, घाम पिली, की दबती. मग ती लावायची. तेवढीच बरोबर बसती.” कर्र.

“म्हणजे रोज तुम्ही...”

“सहाला सुटताना मी काढतेच टिकली. घरी सासूबाईंना चालत नाय, गावात लोक बघत्यात. हिथं कारखान्यात कोण काय म्हणत नाय, म्हणून हिथं लावायची, बसमधे चढायच्या आधी काढायची.” तिने खोकं उलटं केलं. “एकदा अशीच काढली आन् ठेवायला जागा नव्हती, म्हणून जिगमधी चिकटवली. दुसऱ्या दिवशी बघते तर तिसरी पिन बरोबर टेकायला लागली. मग रोजचंच झालं.”

‘हिथं कोण काय म्हणत नाय.’ रिसबूडांना ते वाक्य पायात काच गेल्यासारखं लागलं. वेदना नंतर येते. आधी नुसतं कळतं की काहीतरी आत गेलं.

“शालूताई,” ते म्हणाले, “त्या दिवशी जे बोललं गेलं, त्याबद्दल—”

“कुणी बोललं?”

“नाही म्हणजे... वाईट वाटलं असेल तर—”

“असेल तर?”

रिसबूडांचं मराठी चांगलं होतं. शाळेत त्यांना व्याकरणाचं बक्षीस मिळालं होतं. पण आपण किती वर्षं हे बक्षीस वाक्यातून स्वतःला वगळण्याच्या या एकाच कामाला वापरत आलो, ते त्यांना आत्ता गोदामात, टेपच्या आवाजात कळत होतं.

“सॉरी,” ते म्हणाले.

शालूने टेप खाली ठेवली. “साहेब, आठ जणींसमोर टिकली वर धरली तुम्ही. आन् सॉरी गोदामात? हिथं खोक्यांशिवाय ऐकायला कोण हाय?”

“मग काय करू?”

“ते मी सांगू? इंजिनियर तुम्ही हाय.”

तिने टेप पुन्हा उचलली. कर्र.

संध्याकाळी घरी त्यांनी फॉर्मचा मसुदा केला. फॉर्म मुळात इंग्रजीत होता, पण ऑपरेटरची सही लागते म्हणून कारखान्याने त्याची मराठी प्रत केलेली होती. पहिला मसुदा: ‘जिगच्या ड्रॉइंगमध्ये बदल होणे राहून गेल्याचे निदर्शनास आले.’ कोणाकडून राहून गेलं, कोणाच्या निदर्शनास आलं, पत्ता नाही. दुसरा: ‘संबंधित विभागाकडून ड्रॉइंग वेळेत पाठवले गेले नाही.’ संबंधित विभागात ते एकटेच होते. तिसऱ्यात ‘तांत्रिक त्रुटी’ आली. ही त्रुटी आभाळातून पडलेली दिसत होती. तनुजाने मागून वाचलं आणि विचारलं, “यात माणूस आहे का कुणी?”

शनिवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी रिसबूडांनी सगळ्यांना टेस्टिंगच्या खोलीत बोलावलं. आठही जणी आल्या. शालू टेपचं रीळ हातात घेऊनच आली आणि दारापाशी उभी राहिली. काय चाललंय ते बघायला हिंमतरावही आले.

“मंडळी,” रिसबूड म्हणाले, “जिगच्या बाबतीत एक त्रुटी राहून गेली होती.”

बायका वाट बघत राहिल्या.

“म्हणजे नवीन ड्रॉइंग पाठवलं गेलं नाही.”

“कुणी पाठवायचं होतं सर?” रतनने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

आता क्रियापदाला कर्ता लागत होता. रिसबूड म्हणाले, “मी.” हा शब्द म्हणून झाल्यावर पुढचे शब्द आपोआप येतील असं त्यांना वाटलं होतं. ते आले नाहीत, एकेक ओढून काढावे लागले. “मी पाठवायचं होतं. मी पाठवलं नाही. बोर्ड नापास होत होते ते माझ्यामुळे. शालूताईंनी टिकली लावून पाच महिने ते थांबवलं. मी ती काढली. आणि काढताना जे बोललो...” इथे त्यांना ‘ते बोलायला नको होतं’ असं सुचलं. यातही कुणी नव्हतं. “मी घाणेरडं बोललो,” ते म्हणाले. “मुद्दाम. तुम्ही हसावं म्हणून.”

रतन फरशीकडे बघत होती. हसलेल्या सगळ्याच जणी फरशीकडे बघत होत्या. त्यांनाही यात ओढलं, हे रिसबूडांना वाक्य संपल्यावर कळलं.

तेवढ्यात टाळी वाजली. हिंमतराव वाजवत होते.

“वा, रिसबूडसाहेब! ह्याला म्हणतात मोठं मन! शिका गं, शिका काहीतरी. एवढा इंजिनियर माणूस, आन् बायामाणसांची चूक पोटात घालून स्वतःवर घेतोय!”

“नाही हो हिंमतराव, खरंच माझीच—”

“बघा! वर आनखी नाय म्हणतोय!”

मालक टाळ्या वाजवतात म्हटल्यावर बायकांनीही वाजवल्या. शालूने वाजवल्या नाहीत. तिच्या हातात टेप होती. हिंमतरावांनी रिसबूडांच्या पाठीवर थाप मारली आणि ते निघून गेले. कबुली देऊनसुद्धा रिसबूडांची उंची वाढली होती, आणि देवळाबाहेरून दुसऱ्याची चप्पल घालून आल्यासारखी ती उंची त्यांना चालताना चावत होती. आता कितीही वेळा खरं बोललं तरी ते नम्रतेतच जमा होणार होतं. हिंमतरावांच्या लेखी चूक अजून शालूचीच होती, फक्त ती आता माफ झालेली होती. आणि माफ झालेली चूक यादीत चालत नाही.

राहिला फॉर्म. फॉर्मला टाळ्या वाजवता येत नाहीत.

त्यांनी नवी प्रत घेतली. दोष, कारण. ‘जबाबदार कोण’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण. तात्पुरत्या उपायात लिहिलं: ‘खोबणीच्या उजव्या भिंतीला एक दिवस कपाळाला लावलेली साधी टिकली लावणे. नवीन जिग येईपर्यंत रोज बदलणे.’ हे वाक्य पूर्णिमा मॅडम कशा वाचतील याचा विचार त्यांनी केला, आणि मग तो सोडून दिला. शेवटी ‘इतर कारणे’ असा रकाना होता. तो रिकामा बरा दिसेना, म्हणून त्यात ‘संवादाचा अभाव’ असं घातलं, आणि दुपारी गोदामात जाऊन फॉर्म शालूसमोर ठेवला.

“इथे तुमची सही लागेल.”

शालूने हात ओढणीला पुसले आणि वरपासून वाचायला घेतलं. शेवटच्या रकान्याशी थांबली.

“संवादाचा अभाव म्हंजे?”

“म्हणजे... बोलणं न होणं.”

“कुणाचं न होणं? मी तर बोलले व्हते. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही काय म्हणला, ते पण ध्यानात हाय माझ्या.”

रिसबूडांच्याही होतं. चाळीस लोकांना सांगितल्यावर राहतंच. त्यांनी दोन शब्द खोडले, आणि वर लिहिलं: ‘ऑपरेटरने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मी ऐकले नाही. हसलो.’

“ऑपरेटर म्हंजे कोण?” शालू म्हणाली. “आठ जणी हाय आम्ही.”

“हो. बरोबर.” त्यांनी ऑपरेटर खोडलं. “पूर्ण नाव सांगा.”

“शालन दशरथ कुंजीर.”

मधल्या नावापाशी त्यांचं पेन थबकलं. तीन वर्षं हे नाव महिन्याच्या महिन्याला हजेरीच्या यादीत त्यांच्या सहीखालून गेलं होतं. त्यांनी ते सावकाश, सुटं सुटं लिहिलं. इतकं वळणदार त्यांनी शाळा सुटल्यापासून काही लिहिलं नव्हतं. मग कागद पुन्हा तिच्याकडे सरकवला.

सही करायच्या आधी शालूने तो परत पहिल्यापासून वाचायला घेतला. तिला बराच वेळ लागला. वाचता तिला चांगलं येत होतं. ती सावकाश वाचत होती, एवढंच. शेजारी एक खोकं रिकामं होतं, बसण्यासारखं. बसा असं ती म्हणाली नाही, आणि रिसबूड उभेच राहिले. एका ओळीवर तिचं बोट थांबलं, की ते ती ओळ उलट्या बाजूने वाचू बघत, तोवर बोट पुढे सरके. शेवटी ती तळाशी पोचली, कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं, आणि हात पुढे केला.

“पेन द्या.”